मार्व्हलच्या सिनेमांवर तर्क लढवायचाय? आधी वही घ्या

२०२१ च्या फेब्रुवारीत मी भाच्याशी पैज लावली होती. 'वांडाव्हिजन' या मार्व्हलच्या मालिकेचे भाग दर शुक्रवारी येत होते आणि शेवटी मेफिस्टो, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला सैतान, येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुरावे काय कमी होते? एक बाई म्हणते सैतान बारकाव्यांत लपलेला असतो, त्यावर शेजारीण ॲग्नेस पुटपुटते, तो काय तेवढ्याच ठिकाणी असतो असं नाही. तिच्या नवऱ्याचं नाव सारखं निघतं, पण तो दिसत नाही. तिच्या पाळीव सशाकडेसुद्धा मी संशयाने बघायला लागलो होतो. ५ मार्चला नववा भाग संपला. सैतान काही आला नाही. घरातल्या अकरा जणांचे वडापाव माझ्या खिशातून गेले.

जुलै २०२५ मध्ये 'आयर्नहार्ट' या मालिकेच्या शेवटच्या भागात मेफिस्टो खरोखरच अवतरला. मी लगेच फोन लावला. भाचा म्हणाला, "मामा, चार वर्षांनी आलेली एसटी तू ज्या एसटीची वाट बघत होतास तीच, असं कसं म्हणतोस?"

पोरगं बरोबर बोललं. म्हणून हा लेख. पाच-सहा सिनेमे पाहून झालेत, आता बाकीच्यांसारखं 'हे त्या सिनेमाशी जुळत नाही', 'तो माणूस पुढे नक्की येणार' असं काहीतरी बोलावंसं वाटतंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा मंडळींसाठी.

आधी बघा, आणि प्रदर्शनाच्या क्रमानेच

'आयर्न मॅन' २००८ साली आला. तिथपासून २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'पर्यंत २३ सिनेमे होतात, त्यांना मिळून इन्फिनिटी सागा म्हणतात. कथेतल्या काळाप्रमाणे बघावं असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच: आधी १९४० च्या दशकातला पहिला 'कॅप्टन अमेरिका', मग १९९५ मधला 'कॅप्टन मार्व्हल', मग 'आयर्न मॅन'. ऐकू नका. 'कॅप्टन मार्व्हल' २०१९ चा सिनेमा आहे आणि एकाक्ष गुप्तहेरप्रमुख निक फ्युरीचा डोळा कसा गेला याचा खुलासा त्यात एक विनोद म्हणून येतो. त्याआधी २०१४ च्या 'विंटर सोल्जर'मध्ये फ्युरीने शेवटचा विश्वास टाकला तेव्हा डोळा गमावला, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं असतं. ते ऐकून पाच वर्षं मनात काहीबाही रंगवलेलं असेल, तरच मांजरीने ओरबाडल्यावर हसू येतं. शिवाय तुम्हाला तर्क करायला शिकायचंय, म्हणजे प्रेक्षकांना कुठल्या वेळी किती माहीत होतं हे कळायला हवं. ते प्रदर्शनाच्या क्रमातूनच कळतं.

श्रेयनामावली संपेपर्यंत उठायचं नाही, हे सांगायला नको. आपल्याकडे थिएटरचे दिवे आधीच लागतात, झाडूवाले दारात येऊन उभे राहतात, मागचे लोक पायऱ्यांवर थबकून मान वाकडी करून बघतात. बसून राहा. निक फ्युरी पहिल्यांदा तिथेच भेटला होता.

वहीत दोन तारखा

फोनमधल्या नोट्स चालतील, पण मला दोनशे पानी वहीच बरी वाटते. एका पानावर एक सिनेमा. वर दोन तारखा: सिनेमा कधी आला, आणि त्यातली गोष्ट कधी घडते. खाली फक्त पडद्यावर दिसलेलं किंवा ऐकू आलेलं लिहायचं. 'मला वाटतं' हे शब्द या पानावर नकोत, त्यांना शेवटची दहा पानं राखून ठेवा.

दोन तारखा का, ते 'एंडगेम'ने समजतं. थॅनोस हा खलनायक चुटकी वाजवून विश्वातल्या अर्ध्या जिवांची राख करतो ते कथेतलं २०१८. पाच वर्षांनी माणसं परत येतात ते २०२३. सिनेमा मात्र २०१९ चा. तेव्हापासून बरीच वर्षं मार्व्हलची गोष्ट आपल्या कॅलेंडरच्या पुढे धावत होती. हे लक्षात न घेता हिशेब मांडला की पहिल्याच ओळीत चुकतो.

आता पहिला सराव. 'स्पायडर-मॅन : होमकमिंग' लावा. न्यूयॉर्कच्या लढाईनंतरचा ढिगारा उपसणारी माणसं दिसतात. ती लढाई २०१२ ची. मग पडद्यावर अक्षरं उमटतात: आठ वर्षांनंतर. इथे थांबवा आणि बेरीज करा. २०२०. पण 'होमकमिंग' तर 'सिव्हिल वॉर'नंतर काही महिन्यांत घडतो, आणि 'सिव्हिल वॉर'मध्ये व्हिजन सांगतो की स्टार्कने स्वतःला आयर्न मॅन जाहीर केल्याला आठ वर्षं झाली. म्हणजे २०१६ च्या आसपास. त्यातून २०२० मध्ये पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, तर राख झालेली होती! राख झालेला पोरगा शाळेच्या प्रश्नमंजूषेला कसा जातोय?

ही सरळसरळ चूक होती. 'इन्फिनिटी वॉर'च्या दिग्दर्शकांपैकी जो रूसो यांनीही तो आकडा चुकल्याचं पुढे बोलून दाखवलं आणि मार्व्हलच्या अधिकृत कालक्रमात 'होमकमिंग' २०१६ मध्ये बसवला गेला. पण वहीत आकडे मांडलेले नसतील तर ही चूक डोळ्यांसमोरून निघून जाते. माझ्या तर दोनदा गेली.

कुणाचं किती खरं मानायचं

थिअरी, म्हणजे चाहत्याने लढवलेला तर्क, पाडणारा पहिला प्रश्न असतो: हे तुला कुणी सांगितलं? माझी उतरंड अशी. सगळ्यात वर पडद्यावर घडलेलं. त्याखाली मार्व्हल स्टुडिओजने छापलेलं, उदाहरणार्थ २०२३ चं अधिकृत कालक्रमाचं पुस्तक. त्याच्या बरंच खाली लेखक-दिग्दर्शकांच्या मुलाखती. त्याहून खाली नटांची वक्तव्यं. तळाशी ट्रेलर. आणि 'आतली बातमी' म्हणून जे फिरतं ते उतरंडीच्या बाहेर, उकिरड्यावर.

ट्रेलर इतका खाली का? 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वाकांडाच्या रानातून सगळ्यांबरोबर हल्क धावत येतो. सिनेमात तो तिथे नाहीच, कारण बॅनरला हल्क होताच येत नाही. ते दृश्य फसवण्यासाठीच बनवलेलं होतं. 'नो वे होम'च्या वेळी उलटं झालं. ट्रेलरमधून जुन्या सिनेमांतले बाकीचे दोन स्पायडर-मॅन पुसून टाकले, पण ब्राझीलमध्ये आलेल्या आवृत्तीत लिझर्ड या खलनायकाच्या थोबाडीत कुणीतरी हाणल्यासारखं त्याचं तोंड फिरतं आणि समोर हाणणारा कुणीच नाही! चाहत्यांनी ते अर्धं सेकंद पुन्हापुन्हा फिरवून पाहिलं आणि हवेत कोण आहे ते ओळखलं. त्या दोघांपैकी एक, अँड्र्यू गारफिल्ड, महिनोन्महिने 'मी नाही त्यात' म्हणत होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो होता. तेव्हा ट्रेलरमध्ये काय आहे यापेक्षा काय असायला हवं होतं आणि नाही, हे बघायचं. आणि नटाचा नकार पुरावा म्हणून लिहायचाच नाही. होकारसुद्धा जपून. 'वांडाव्हिजन' चालू असताना व्हिजनचं काम करणारा पॉल बेटनी म्हणाला की ज्याच्याबरोबर काम करायची फार दिवस इच्छा होती असा नट यात आहे. लोकांनी मोठमोठी नावं लावली. निघाला तो स्वतःच, पांढऱ्या व्हिजनच्या रूपात.

मुलाखती मधल्या पायरीवर का, याचं उत्तर म्हणजे म्हातारा कॅप्टन अमेरिका. 'एंडगेम'च्या शेवटी स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, चुटकीमागची ती रत्नं परत ठेवायला भूतकाळात जातो, प्रेयसी पेगीबरोबर आयुष्य काढतो आणि म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसतो. ते आयुष्य त्याने कुठे काढलं? मार्कस आणि मॅकफीली या लेखकांचं म्हणणं, याच जगात, गुपचूप. रूसो बंधूंचं म्हणणं, काळाच्या दुसऱ्याच फाट्यावरच्या जगात, तिथून तो इथे आला. एकाच सिनेमाचे लेखक आणि दिग्दर्शक, दोन तोंडं!

आता वहीकडे वळा. बॅनर सिनेमातच समजावतो की भूतकाळात जाऊन काही बदललं तरी तुमचा वर्तमान बदलत नाही. हे दिग्दर्शकांच्या बाजूचं. पण स्टीव्ह यंत्राच्या चौथऱ्यावर उमटत नाही, जरा अंतरावर बाकावर आधीच बसलेला सापडतो, जणू चालतच आला. हे लेखकांच्या बाजूचं. मी लेखकांच्या पक्षात आहे, ते त्या बाकामुळे. भाचा दुसऱ्या पक्षात. सहा वर्षं झाली, जेवताना विषय काढायचा नाही असा बहिणीचा हुकूम आहे.

अधिकृत काय आणि अनधिकृत काय, चाहत्यांच्या भाषेत कॅनन कुठलं, हा वाद आपल्याला नवा नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, हे कुठल्याही घरात विचारा. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा तो प्रसंग मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात टाकला. म्हणून आजीने गोष्ट सांगायची थांबवली का? 'डेअरडेव्हिल' ही २०१५ ची मालिका अशीच वर्षानुवर्षं परिशिष्टात पडून होती. तिचा नायक चार्ली कॉक्स 'नो वे होम'मध्ये वीट झेलून गेला तरी लोक भांडतच होते. जानेवारी २०२४ मध्ये डिस्नेने ती मालिका आपल्या कालक्रमाच्या यादीत घेतली आणि तो वाद मिटला. तुमच्या वहीत अशांसाठी 'परिशिष्ट' असं एक पान असू द्या. पान फाडू नका.

चूक सापडली? अर्धंच काम झालं

नवा माणूस चूक सापडली की नाचतो. नाचावं थोडं. पण या खेळाची खरी रीत साठच्या दशकातच पडलेली आहे. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये वाचकांच्या पत्रांचं पान असे. लोक चुका काढून पाठवत आणि बक्षीस मागत. मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी त्यांना 'नो-प्राइझ' द्यायला सुरुवात केली. बक्षीस नाही, हेच बक्षीस. पुढे तर पाकिटावर 'यात तुमचं नो-प्राइझ आहे' असं छापून पाकीट रिकामंच पाठवायचे. काहींनी म्हणे पाकिटात काहीच निघालं नाही अशी उलट तक्रार केली! आणि नंतर अट आली की नुसती चूक दाखवून भागणार नाही, ती चूक नाहीच असं पटेल अशा रीतीने समजावून द्या.

हीच अट स्वतःला घालून घ्या. हातमोजा कुठल्या हाताचा, यावरचं उदाहरण देतो. २०११ च्या 'थॉर'मध्ये थॉरचा बाप ओडिन याच्या भांडारात रत्नं जडवलेला हातमोजा क्षणभर दिसतो. चित्र थांबवून अंगठा बघा: उजव्या हाताचा आहे. २०१५ च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'च्या शेवटी थॅनोस जो हातमोजा चढवतो तो डाव्या हाताचा. शिवाय रत्नं तर विश्वभर विखुरलेली, मग भांडारातल्या मोज्यावर ती सगळी कशी? खरं कारण साधं असणार. 'थॉर'च्या वेळी तो केवळ जाणकारांसाठी ठेवलेला गमतीचा ऐवज होता, चाहते ज्याला ईस्टर एग म्हणतात. पण चाहत्यांनी दोन उत्तरं काढली: मोजे दोन आहेत, किंवा ओडिनचा मोजा नकली आहे. २०१७ च्या 'रॅग्नरॉक'मध्ये थॉरची बहीण हेला त्याच भांडारातून चालत जाते, मोज्याकडे बघते, 'नकली' म्हणते आणि ढकलून देते. एका शब्दात सहा वर्षांचा प्रश्न निकालात. मागच्या गोष्टीला असा नंतर नवा अर्थ लावला की त्याला रेटकॉन म्हणतात.

कधी कधी चूक नसतेच, घाई आपली असते. 'विंटर सोल्जर'मध्ये हायड्रा या दुष्ट संघटनेचा सिटवेल धोकादायक माणसांची नावं घेताना पुढे जादूगार होणाऱ्या स्टीफन स्ट्रेंजचं नाव घेतो. २०१६ मध्ये 'डॉक्टर स्ट्रेंज' आला आणि त्यात तर तो नुसता सर्जन, जादूचा पत्ता नाही. लोकांनी बोंब मारली. पण सिटवेलचं वाक्य पुन्हा ऐका. हायड्राचं गणित माणूस आज कोण आहे ते बघत नाही, उद्या कोण होऊ शकेल ते बघतं. म्हणजे नाव बरोबर यादीत होतं.

आणि एखाद्या वेळी चाहत्याचं उत्तरच अधिकृत होतं. 'आयर्न मॅन २'मध्ये स्टार्क एक्स्पोत आयर्न मॅनचा मुखवटा घातलेलं एक पोर ड्रोनसमोर हात उगारून उभं राहतं. एक्स्पो क्वीन्समध्ये, पीटर पार्करही क्वीन्सचा, वयही जुळतं. चाहते म्हणत होते तो पीटरच. २०१७ मध्ये पीटरचं काम करणाऱ्या टॉम हॉलंडने, निर्माते केव्हिन फायगी यांच्याशी बोलून, होय म्हणून टाकलं. सिनेमा २०१० चा, तेव्हा हॉलंडचा या गोष्टीशी काडीचा संबंध नव्हता.

पडद्यामागचं बघायला विसरू नका

सगळीच कोडी कथेत सुटत नाहीत. स्टार्कचा मित्र ऱ्होडी पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये टेरेन्स हॉवर्ड आहे आणि दुसऱ्यात डॉन चीडल. त्यावर थिअरी नको, नट बदलला एवढंच. जनरल रॉस झालेले विल्यम हर्ट २०२२ मध्ये गेले, म्हणून पुढे हॅरिसन फोर्ड आले. कांग या खलनायकाच्या नावाचा अख्खा 'ॲव्हेंजर्स' सिनेमा २०२२ मध्ये जाहीर झाला होता. नटावर खटला झाला, तो दोषी ठरला, त्याला काढलं आणि बेतच बदलला. कांगवर चाहत्यांनी रचलेले मनोरे रातोरात ओस पडले. त्यात त्यांच्या तर्काची काही चूक नव्हती. अशी थिअरी वहीत खोडायची नाही, बाजूला 'कारण : बाहेरचं' असं लिहायचं.

लोंबकळणारे धागे

'इटर्नल्स'च्या शेवटी हिंदी महासागरातून डोंगराएवढा दगडी राक्षस डोकं आणि हात वर काढून गोठतो. म्हणजे तसा आपल्याच समुद्रात. आणि त्यानंतर सिनेमामागून सिनेमा येतो, कुणी अवाक्षर काढत नाही! २०२१ पासून हा चाहत्यांचा आवडता टोमणा होता. शेवटी २०२५ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये त्या दगडातल्या ॲडमँटियम या धातूवरून देशादेशांत जुंपते. त्याच सिनेमात सॅम्युअल स्टर्न्सही परततो. २००८ च्या 'इन्क्रेडिबल हल्क'मध्ये त्याच्या डोक्यातल्या जखमेत हल्कचं रक्त ठिबकतं, कपाळ फुगायला लागतं, आणि मग सतरा वर्षं त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

वहीत अशा धाग्यांची यादी वेगळी ठेवा, पण पुढच्याच सिनेमात गाठ बसेल असं धरून चालू नका. माझा वडापाव तिथेच गेला.

मल्टिव्हर्सचं कुलूप

'लोकी' ही मालिका आली २०२१ मध्ये. मल्टिव्हर्स, म्हणजे एकाहून जास्त विश्वं, काळाच्या फांद्या, व्हेरिअंट, म्हणजे एकाच माणसाच्या अनेक आवृत्त्या, हे सगळं सुरू झालं. तेव्हापासून काहीही न जुळलं की नवखा म्हणतो, ते दुसऱ्या विश्वातलं असेल. आमच्या घरी याला बंदी आहे. या किल्लीने कुठलंही कुलूप उघडतं, म्हणून ती वापरून काही सिद्ध होत नाही. वापरायचीच तर पडद्यावरून दाखवा की दार कुठून उघडलं: कुणाचा मंत्र फसला, कुठली फांदी फुटली.

विश्वांच्या नंबरांवरूनही लोक हमरीतुमरीवर येतात. कॉमिक्सचं मुख्य जग ६१६, सिनेमांच्या जगाला मार्व्हलच्याच संदर्भग्रंथात १९९९९९ असा नंबर होता, आणि २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजमध्ये सिनेमांचं जगच ६१६ असल्याचं सांगून टाकलं. मिस मार्व्हलचं, म्हणजे कमला खानचं, काम करणाऱ्या इमान वेलानीला हे मुळीच मान्य नाही, तिने तसं जाहीर सांगितलंय. नोकरी मार्व्हलची आणि वाद मार्व्हलशी. मला ती फार आवडते.

थिअरी लिहायची ती अशी

वहीच्या शेवटच्या दहा पानांवर, तारीख घालून, शाईने. आणि अशी की ती खोटी ठरू शकेल.

ताजं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला टोनी स्टार्कचं काम केलेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरने मुखवटा काढला आणि डॉक्टर डूम हा खलनायक आपण करणार हे दाखवलं. २०२५ च्या 'फँटास्टिक फोर'च्या अखेरीस डूम पाठमोरा दिसतो, मुखवटा हातात, समोर त्या चौघांतल्या जोडप्याचा छोटा फ्रँकलिन. 'डूम म्हणजे टोनी स्टार्कच' ही थिअरी नव्हे, ती आरोळी आहे. माझ्या भाच्याने लिहिलंय ते बघा: "डूम स्टार्कचा व्हेरिअंट असेल तर चेहरा दिसल्यावर ऱ्होडी किंवा पीटर यांच्यापैकी कुणीतरी दचकलंच पाहिजे. कुणीच दचकलं नाही, तर केवळ नट तोच आहे, माणूस वेगळा." दोन वाक्यं. खाली तारीख आणि सही. १८ डिसेंबर २०२६ ही 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे'ची जाहीर झालेली तारीख, त्या रात्री निकाल लागेल.

आणि हो, पहिला आठवडा संपेपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. आमच्या काकूंनी 'एंडगेम' पहिल्या दिवशी सकाळी पाहून दुपारी "बिचारा टोनी" एवढंच लिहिलं होतं. त्यांना अजून ऐकवतात.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी २' १९८० मध्ये सुरू होतो आणि लगेच 'चौतीस वर्षांनंतर' असं पडद्यावर येतं. म्हणजे २०१४. त्यात स्टॅन ली अंतराळातून विश्वावर नजर ठेवणाऱ्या वॉचर मंडळींना आपले अनुभव सांगत असतात, आणि म्हणतात की तेव्हा मी फेडेक्सचा माणूस होतो. ते फेडेक्सचं पार्सल घेऊन आले होते 'सिव्हिल वॉर'च्या शेवटी, स्टार्कचं नाव चुकवत. म्हणजे २०१६. दोन वर्षांनी घडायची गोष्ट ते आधीच कशी सांगतायत?

मल्टिव्हर्स चालणार नाही. जमलं तर कळवा, पाकीट पाठवतो. रिकामं.